ओढ्याकाठचा आप्पाराव

कमलबाई : आन ती काठी अजून हातातच हाय तुमच्या? टाका म्हणला ना त्यो माणूस.

वैजीनाथ : टाकणारच हाय. पण ओल्यात टाकायची न्हाई म्हणला, रुजती म्हणे. कोरडा खडक बघून त्याच्यावर टाका म्हणला. इथं समदा चिखल. खडक कुठून आणू?

कमलबाई : मोडायची कशाला मग? रस्त्यानं चाललं की दिसंल ते मोडायची खोडच हाय तुमची.

वैजीनाथ : कुत्रं मागं लागलं व्हतं. त्याला काय नुसता रामराम घालू? झाड हिरवंगार, फांदी सरळसोट, म्हणलं बेस हाय. मला काय ठावं, मोटारीला पळणारा माणूस एका काठीपाई माघारी फिरंल आन मला शाळंतल्या पोरावानी बोलंल.

कमलबाई : चांगला बोलला की. चीक लागला असंल, डोळ्याला हात लावू नका. शेळीच्या तोंडाम्होरं नेऊ नका. टोपली काखंत, धाप लागलेली, मोटार भोंगा द्यायलीय, आन ह्यो आपला सांगायलाय. मला आवडला त्यो माणूस.

वैजीनाथ : आन झाडाचं नाव इचारलं तर काय म्हणला?

कमलबाई : तिथंच तर घोडं अडलं. "आप्पाराव म्हणत्यात ह्याला. कथा लय मोठी हाय पाव्हणं, मोटार चुकंल." आन पळाला. तवापासून माझं पाऊल म्होरं पडंना.

वैजीनाथ : माझं बी.

कमलबाई : आपल्या बन्सीधरला पोरगी बघायला उद्या ज्याच्या दारात जायचंय, त्याचं नाव आप्पाराव. आन ह्या इखाच्या झाडाचं नाव बी आप्पाराव. तरी म्हणलं, सकाळी जिंतूरला हाटेलवाला गावाचं नाव ऐकून गालात का हसला.

वैजीनाथ : जित्या माणसाचं नाव गाव उगं कशाला देत न्हाई. आपल्या पोखर्णीत किशनरावाच्या नावची हीर हाय, कारण त्यानं ती खांदली. इथं इखारी झाडाला नाव हाय, म्हंजी गड्यानं कायतरी केलंच असणार. कुणाच्या जनावराला खायला घातलं का काय, देव जाणे.

कमलबाई : म्हणून तर म्हणलं, ठरल्या दिसाच्या एक दिस आधी, कुणाला न कळता येऊन बघू. पोरगी चांगली असंल, पर बापाचा सोभाव कडू असला तर लेकाला जलमभर सासुरवाडीला तोंड वाकडं करून जावं लागंल.

वैजीनाथ : इचारायचं तर गावात न्हाई इचारायचं. पाराबिरावर माणसं तोंडावर गोड बोलत्यात. ओढ्यावर बाया खरं बोलत्यात.

कमलबाई : ती बगा एक हाय. त्येच झाड काढायलीय इळ्यानं. तुमी गप बसायचं. मी बोलते.

(ओढ्यात गुडघाभर पाण्यात पदर खोचून उभी असलेली धुरपदाबाई. काठावरच्या खडकावर तोडलेल्या फांद्यांचा ढीग उन्हात वाळत पडलेला.)

धुरपदाबाई : ती काठी इकडं द्या आधी. द्या. आसं. आता वरच्या अंगाला झरा हाय, तिथं हात धुवा. इथलं पाणी पिऊ नका.

कमलबाई : रामराम बाई. आज काठीवरून बोलणी खायची दुसरी बारी आमची.

धुरपदाबाई : बोलत न्हाई वो. नवखी माणसं दिसताव, म्हणून सांगितलं. कुठलं गाव?

वैजीनाथ : सेलूकडचे. शेळ्या घ्यायला निघालाव.

कमलबाई : मी बोलते म्हणलं व्हतं ना तुमाला.

धुरपदाबाई : शेळ्या घेणार असताल तर ह्या काठच्या घेऊ नका. खडकाळीकडच्या घ्या. ह्या काठच्या शेळीनं ह्या पाल्याला तोंड लावलेलं हाय का न्हाई, ते बगून कळत न्हाई. कळतं तवा शेळी ऱ्हात न्हाई.

वैजीनाथ : काय म्हणत्यात ह्या झाडाला?

धुरपदाबाई : बेशरम.

वैजीनाथ : बेशरम? फाट्यावर एक जण दुसरंच काय म्हणला.

धुरपदाबाई : म्हणत असतील. मी बेशरम म्हणते. तोडलं तर फुटतं. वाळवलं आन इसरून थेंबभर पाणी लागलं तर फुटतं. उन्हाळ्यात समदं रान करपतं, तवा ह्याला जांभळी फुलं येत्यात, बगा म्हणावं माझ्याकडं. बेशरम न्हाई तर काय.

कमलबाई : त्यो तर आप्पाराव म्हणला.

धुरपदाबाई : असंल.

वैजीनाथ : आप्पाराव, बाई. ऐकू आलं ना?

धुरपदाबाई : आलं की. बहिरी न्हाई मी.

कमलबाई : गाव म्हणतं तसं?

धुरपदाबाई : गाव म्हणतं. मला न्हाई म्हणता येत. माझ्या दोन जावांना न्हाई येत, सुनांना न्हाई येत. आमच्या भावकीतल्या अकरा बायांच्या तोंडात ते नाव बसत न्हाई.

कमलबाई : अहो, जरा इकडं या. मी तुमचं नाव घेते का कधी?

वैजीनाथ : तू कशाला घेशील? बाई माणूस नवऱ्याचं नाव... आगं आई. म्हंजी ही त्यांची...

कमलबाई : हळू. बसा त्या खडकावर. बाई, म्हंजी झाडाला मालकाचं नाव हाय तुमच्या?

धुरपदाबाई : हाय. हसा. समदे हसत्यात.

कमलबाई : हसत न्हाई वो. इळा ठेवा जरा, बसा आमच्यापाशी. चार भाकरी हायेत, लसणाची चटणी हाय. तुमचं नाव काय?

धुरपदाबाई : धुरपदा. बसते घडीभर, पाय बी दुखायलाय. त्या धुराकडं तोंड करू नका तेवढं. काल जाळलेल्या ढिगाची धग हाय अजून, त्याचा धूर बी बरा न्हाई.

कमलबाई : पायाला काय झालं? मघापासून बघते, लंगडताव.

धुरपदाबाई : तिथूनच तर समदं सुरू झालंय. आमच्या रानाला दर साल बाभळीच्या काट्याचं कुंपण. पेरा झाला की आमी बाया काट्या तोडायला जायचाव, डोक्यावर आणायचाव, बांधाला रोवायचाव. चार वर्सांमागं टाचंत काटा मोडला. निघता निघंना. पिकला. दोन महिने ह्यो पाय भुईला टेकला न्हाई. घरात पोर रांधायची आन हे मला उचलून अंगणात आणून बसवायचे. सासू जिती व्हती तवा. तिच्याम्होरं उचलायचे. मला मेल्याहून मेल्यावानी व्हायचं.

कमलबाई : आमच्याकडं कुणी उचललं न्हाई अजून.

वैजीनाथ : तुला काटा कुठं मोडला?

धुरपदाबाई : तवाच येलदरीला धरणाची मोजणी करणारे सायब आले. ह्यांनी गाडी लावली व्हती तिथं, दगड वाहायला. सायबाच्या तंबूभवती ह्या झाडाचं कुंपण. चपराशी म्हणला, बारा महिने हिरवं, पाणी घाला नका घालू, काटा एक न्हाई आन जनावर तोंड लावत न्हाई. ह्यांनी सायबाला इचारून गाडीभर फांद्या आणल्या. दारात गाडी सोडली न्हाई तवर वरडले, "धुरपदे, आता काट्याला जायचं न्हाई."

कमलबाई : तुमच्यापाई आणलं म्हणा की.

धुरपदाबाई : माझ्यापाई आणलं. पर वाटलं समद्यांना. ह्यांचा सोभावच तसा. चांगलं दिसलं की एकट्यानं खायचं न्हाई. घरोघर जाऊन फांद्या दिल्या, सोता रोवून दिल्या. दोन महिन्यात भिंत झाली हिरवी. बाया माझ्या पाया पडायच्या वो, काट्याचं काम गेलं म्हणून. पारावर कुणीतरी म्हणलं, ह्याचं नाव कुणालाच ठावं न्हाई, तर आणणाराचंच नाव ठेवा. ठेवलं. तवा हे फेट्याचा तुरा काढून फिरायचे. आन मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. लोक म्हणायचे, आमच्या बांधाला ह्यांचं नाव लागलंय.

वैजीनाथ : म्हंजी मानाचं नाव व्हतं ते.

धुरपदाबाई : मानाचंच. मग पूर आला. बांधावरच्या फांद्या मोडून ओढ्यात पडल्या. जिथं अडकल्या तिथं रुजल्या. एका सालात ओढ्याचे दोन्ही काठ भरले. पाट बुजला. तळ्याच्या काठाला जनावरांना पाण्यावर जायला वाट ऱ्हाईना. मग नावाचा सूर बदलला. पाट बुजला, शिव्या कुणाला, तर ह्यांच्या नावानं. कोयता बोथट झाला, शिव्या ह्यांच्या नावानं. झाडाला देत्यात, मला कळतं. पर नाव ह्यांचं असतं ना.

कमलबाई : आन जनावर तोंड लावत न्हाई म्हणले ते?

धुरपदाबाई : न्हाईच लावत, जवर दुसरं काय खायला असतं तवर. दोन वर्सांमागं वैशाखात रानात काडी न्हाई ऱ्हायली. पलीकडच्या काठाला पार्वतीबाई ऱ्हाती. एकटी बाई, मागंम्होरं कुणी न्हाई, दोन शेळ्यांवर तिचं पोट. मी पाण्याला आले आन बघते तर तिच्या दोन्ही शेळ्या मान खाली घालून ह्याच पाल्यात. ती पलीकडं लिंबाच्या सावलीला बसलेली. लंगड्या पायानं मी पळत पोचणार न्हाई. आता सांगा, मी काय म्हणून वरडू?

कमलबाई : नाव तर घेता येत न्हाई.

धुरपदाबाई : न्हाई येत. आन दुसरं नाव झाडाला न्हाई. तोंड उघडलं, बंद केलं. उघडलं, बंद केलं. मग वरडले. "पार्वतीबाई, पळा, तुमच्या शेळ्या ह्यांना खायल्यात."

वैजीनाथ : ह्यांना.

धुरपदाबाई : ती म्हणली, कुणाला? मी म्हणलं, आमच्या ह्यांना. ती जी उठली, ती शेळ्यांकडं न्हाई गेली. ती धावली आमच्या घराकडं. तिचं बघून आळी धावली. काठ्या घेऊन, बादल्या घेऊन. हे अंगणात बाजेवर झोपलेले. त्यांना हालवून उठवलं आन इचारायलेत, कुठं चावली, कुठं चावली.

कमलबाई : आता हसले तर रागावू नका, धुरपदाबाई.

धुरपदाबाई : हसा. मी बी हसते सांगताना. पर समदे माघारी पळत येईस्तवर शेळ्यांनी अर्धं झुडूप संपवलं व्हतं. आठ दिसांनी त्यांची मान हलायला लागली, गरगर गोल फिरायला लागल्या. चारा टाकला तर चारा सोडून ह्याच पाल्याकडं वढ. चटकच लागलेली. दोन्ही गेल्या. जनावराचा डाक्टर म्हणला, एका दिसाचं हे काम न्हाई, पंधरा दिस खात असतील, कुणाचं ध्यान गेलं न्हाई. ते खरं असंल. पर माझ्या मनाला पटत न्हाई. एक नाव तोंडातून काढलं असतं तर त्या दिशी तरी थांबल्या असत्या.

कमलबाई : कसं काढणार? मी बी न्हाई काढलं असतं.

धुरपदाबाई : म्हणून ठरवलं, ह्याला माझ्या तोंडात बसंल असं नाव पायजे. वरडायला यावं, पोरींना सांगायला यावं. ओढ्यावर पाण्याला कोण येतं? शेळ्या कोण राखतं? बायाच ना. आन निम्म्या बायांना नावच घेता येत न्हाई. म्हणून बेशरम. मी सुनांना शिकवलं, सुनांनी पोरींना. आता बारकी पोरं बी म्हणायलीत.

वैजीनाथ : आन मालक काय म्हणले? त्यांना तर बरंच वाटलं असंल, आपलं नाव सुटतंय म्हणून.

धुरपदाबाई : तिथं आमचं भांडण हाय. शेळ्या मेल्या तवा हे दोन दिस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिशी आमची गाभण काळी शेळी सोडली आन पार्वतीबाईच्या दावणीला बांधून आले. मला इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मी बी ह्येच म्हणलं असतं, पर इचारायचं तर व्हतं. मग गावात पंचायत बसली. सरपंच दिनकरराव भला माणूस. त्यानं ह्यांचं नाव घेऊन सांगितलं, आपण ठराव करू, झाडाला दुसरं नाव लावू, तुमच्या नावाला बट्टा नको. समदे व्हय म्हणले. आन हे उभे ऱ्हाऊन म्हणले, न्हाई.

वैजीनाथ : न्हाई? का म्हणून?

धुरपदाबाई : म्हणले, "चांगलं समजून नाव दिलं तवा म्या घेतलं. तुरा काढून हिंडलो. आता वाईट निघालं म्हणून माघारी देऊ? झाड हाय तवर नाव ऱ्हाऊ द्या. आणलं कुणी ते लोकांना ठावं असावं. शेवटचं मूळ निघंल त्या दिशी काढा." आन दुसऱ्या दिसापासून रोज उजाडायला ओढ्यात. मुळासकट उपटायचं, खडकावर वाळवायचं, वाळलं की जाळायचं. कुणाला मदतीला बोलवायचं न्हाई. दोन सालं झाली. ते वरचं वळण दिसतंय का, तिथवर समदं ह्यांनी एकट्यानं साफ केलंय.

कमलबाई : अहो, ऐकताव ना?

वैजीनाथ : ऐकायलोय.

धुरपदाबाई : तुमाला चांगलं वाटतंय ऐकायला. मला संसार करायचाय. घरात लेक हाय, मनकर्णा. एकोणीस सरून वीस लागलंय. गेल्या साली मानवतचे पाव्हणे आले. ह्यांनी पाणी द्यायच्या आधी झाडाची गोष्ट सुरू केली. शेळ्या, पार्वतीबाई, समदं. ते पाव्हणे चहा पिता पिता एकमेकांकडं बघायला लागले. एक जण हसून म्हणला, म्हंजी तुमची पोरगी त्या झाडाचा धुमाराच की वो. पोर आत दाराआड उभी. तिनं ऐकलं. तवापासून ती ओढ्यावर येत न्हाई. माझ्यासंगं धुणं धुवायला बी न्हाई. हसरी पोर वो माझी, गात गात पाणी भरायची. आता हिरीवर जाती, लांब पडलं तरी.

कमलबाई : बाई बाई. जीभ हाय का काय.

धुरपदाबाई : उद्या पुन्हा पाव्हणे येणार हायेत. लांबचे, पोखर्णीचे. घर चांगलं हाय म्हणत्यात, पोरगा शेतीत राबणारा हाय. म्हणून आठ दिस झाले, फाट्यापासून घरापातूर वाटंवर दिसंल ते बेशरम मी काढायलीय. झाड दिसलंच न्हाई तर इचारतील कशाला? हे म्हणत्यात, "कशाला झाकती, दिसू दे." मी म्हणलं, तुमाला तुमचं खरं बोलणं लाडकं, मला माझी लेक.

कमलबाई : बरोबर हाय तुमचं बी.

धुरपदाबाई : आज जिंतूरला गेलेत, कपबशा आणायला. आमच्याकडं वाट्यातच चहा पित्यात. पर पोखर्णीच्या लोकांना कपबशी लागंल, मोठी माणसं असतील, म्हणून मीच पाठवलं.

वैजीनाथ : न्हाई वो, कपबशी कशाला, आमी बी वाटीतच पिताव.

कमलबाई : घ्या.

धुरपदाबाई : तुमी? तुमी तर सेलूचे म्हणला ना?

वैजीनाथ : ते... शेळ्या...

कमलबाई : ऱ्हाऊ द्या आता. धुरपदाबाई, हात जोडते. सेलू न्हाई आन शेळ्या बी न्हाईत. आमी पोखर्णीचे. बन्सीधरचे मायबाप.

धुरपदाबाई : अगं बया. गुडघ्यापातूर साडी खोचलेली, तोंडाला चिखल, आन मी... मी समदं सांगून बसले. शेळ्यांचं, मानवतचं, समदं. ह्यांना बोलत व्हते, आन मीच...

कमलबाई : तुमी काय वाईट केलं? चोरी आमी केली. चोरून आलाव, खोटं बोललाव, वर तुमचं पोटातलं ऐकून घेतलं. उठू नका. बसा म्हणते ना.

धुरपदाबाई : माझ्या मनकर्णाचा काय दोष न्हाई वो ह्याच्यात. ती लय गुणाची हाय. माझं ऱ्हाऊ द्या, ह्यांचं ऱ्हाऊ द्या, तिला बघून तरी जा.

वैजीनाथ : बघणार तर हायेच, इहीनबाई.

धुरपदाबाई : काय म्हणलात?

वैजीनाथ : तोंडातून निघालं. निघालं ते निघालं, आता माघारी घेत न्हाई.

कमलबाई : मला इचारलं न्हाई.

वैजीनाथ : इचारलं असतं तर काय म्हणली असतीस?

कमलबाई : ह्येच म्हणलं असतं. पर इचारायचं तर व्हतं.

धुरपदाबाई : आता मी रडू का हसू, ते तरी सांगा.

कमलबाई : आधी एक सांगा. तुमचे मालक अंगानं शेलाटे? लाल फेटा? उजव्या कानाला अर्धी बाळी?

धुरपदाबाई : व्हय. बाळी म्हशीनं वढली व्हती. तुमी कुठं बघितलं?

कमलबाई : फाट्यावर. ह्यांच्या हातात काठी बघून मोटार सोडून माघारी आले. आन आमी इथवर घाबरत आलाव, की कोण असंल बाई ह्यो आप्पाराव.

धुरपदाबाई : मोटार मिळाली का त्यांना?

वैजीनाथ : मिळाली. पर मोटारवाला लय शिव्या देत व्हता.

धुरपदाबाई : मग कपबशा येतील. शिव्यांची सवय हाय त्यांना.

कमलबाई : धुरपदाबाई, फाट्यावर त्यांच्या तोंडून हे नाव ऐकलं, तवापासून आमच्या बी तोंडात तेच घोळतंय. तुमच्या तोंडून तेवढं ऱ्हायलं. नुसतं घेता येत न्हाई, पर उखाण्यात तर घेता येतं?

धुरपदाबाई : ह्या वयात? चिखलात उभी ऱ्हाऊन?

कमलबाई : ह्या वयात. ह्यांच्याकडं बघू नका, हे तिकडं तोंड करतील. करा वो तिकडं तोंड.

धुरपदाबाई : थांबा, पदर घेऊ द्या डोक्यावर. हं.
काठावरचं बेशरम काढते मुळापासून,
आप्पारावांचं नाव घेते पाव्हण्यांचा मान राखून.

कमलबाई : वा. किती गोड लागतं वो तुमच्या तोंडात. झाडाचं वाटतच न्हाई.

धुरपदाबाई : वीस वर्सांनी घेतलं असंल. पोरीच्या बारशाला घेतलं व्हतं, त्याच्यावर आज.

वैजीनाथ : आता ऐका दोघी. आमी आज भेटलाव न्हाई. रातच्याला जिंतूरला माझ्या मावसभावाकडं ऱ्हाताव आन उद्या ठरल्या येळंला येताव, नवं धोतर-लुगडं नेसून. चहा वाटीत द्या न्हाई तर कपात. पर वाटंवरचं झाड आता काढू नका, इहीनबाई. जेवढं हाय तेवढं ऱ्हाऊ द्या. पायाला आराम द्या.

धुरपदाबाई : आन बोलणं निघालं तर?

वैजीनाथ : मी काय इचारणार न्हाई. मला फकस्त त्यांच्या तोंडून ऐकायचंय. ऐकलं की मी तिथंच सुपारी फोडायची म्हणणार, आन दाराआडून पोरीला ऐकू जाईल असं म्हणणार.

कमलबाई : आन त्यांनी न्हाई सांगितलं तर? मानवतचं एकदा झालंय. लेकीसाठी माणूस एखादा दिस तोंड बंद ठेवतो.

धुरपदाबाई : सांगतील. तुमी टेकायच्या आधी सांगतील. त्याचीच तर आठ दिस भीती व्हती मला.